हिराजींच्या अंगणात मी केलेली मोजणी

चहा येतोय, तोवर सांगून टाकतो. मंगल बाहेर आली की तीच सांगायला घेईल, आणि बायकोच्या सांगण्यात मी आहे त्याहून जास्त मूर्ख दिसतो. माझ्या सांगण्यात बेताचाच दिसतो.

ही गोष्ट त्या काळातली, जेव्हा मोबाइलमध्ये नकाशा नव्हता. फार तर साप होता, आणि तो भिंतीवर आपटून मरायचा. आम्ही अंबरनाथ पूर्वेचे सात-आठ जण दर महिन्याला डोंगर चढायला जायचो आणि लीडर मी. का? कारण शिट्टी माझ्याकडे होती. त्या वर्षी मी दोनदा सगळ्यांना चुकवलं. दुसऱ्या वेळी तर बदलापूरच्या मागच्या डोंगरावरून उतरलो ते थेट भलत्याच गावात, एका बारशाच्या पंगतीत. जेवण छान होतं, पण आमचा संजय हात धुताना म्हणाला, "पुढच्या वेळी एकतर ते सॅटेलाइटचं मशीन घे, नाहीतर शिट्टी दे."

शिट्टी देणं मला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून मी उल्हासनगर गाठलं.

तिथे गोपशेठ या सिंधी व्यापाऱ्याचं दुकान होतं. कॅमेरे, कॅल्क्युलेटर, वॉकमन, बाहेरून आलेलं काहीही त्यांच्याकडे मिळायचं. त्यांनी काउंटरवर दोन जीपीएस ठेवले. एक पिवळा, जाडजूड, साबणाच्या डबीएवढा. त्याच्या पडद्यावर एक काळा बाण, बस. दुसरा रंगीत पडद्याचा, त्यात डोंगर हिरवे आणि नद्या निळ्या. मी एकदा हा हातात घ्यायचो, एकदा तो. बाकीची गिऱ्हाइकं येऊन सामान घेऊन गेली तरी माझं चाललेलंच.

"साईं," गोपशेठ शेवटी वैतागून म्हणाले, "पिवळा मजबूत आहे. पाण्यात टाक, दगडावर आपट, कुछ नहीं होगा. रंगीतवाला शौकीन माणसाचा. तू कौन है?"

"मी लीडर आहे," मी म्हणालो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "फिर दोनो ले जा. रविवारी चालवून बघ, सोमवारी एक परत आण. पण जसा नेला तसाच आणायचा हां."

आता दोघांची परीक्षा घ्यायची कशी? मी सायबर कॅफेत बसून वाचलं होतं की परदेशात लोक रानात डबा लपवतात, त्या जागेचं रीडिंग इंटरनेटवर टाकतात आणि दुसरे लोक मशीन घेऊन तो डबा शोधतात. सापडला की आतली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची. मोठी माणसं बरं का, नोकरीधंदा असलेली. मी म्हटलं, हेच करू. डबा लपवायचा, दोन्ही मशिनांत जागा टिपायची, लांब जायचं आणि परत यायचं. जे मशीन डब्याच्या जास्त जवळ आणेल, ते आपलं.

डब्यात बारीकसारीक वस्तू हव्यात असं वाचलं होतं, म्हणून मंगलचा खण उघडला. आमच्या पोरीची एक छोटी बाहुली होती, एक हात निखळलेली, ती घेतली. मंगलला न होणाऱ्या दोन हिरव्या बांगड्या घेतल्या. सेफ्टी पिनांचा एक जुडगा घेतला. ओल धरू नये म्हणून मूठभर तांदूळ टाकले, आपण मिठात टाकतो तसे. बाहुली फार खडखडत होती, तर तिला लाल दोऱ्याने गच्च बांधली. स्टीलच्या डब्याचं झाकण लावलं. आता तुम्हीच सांगा, यातल्या एका तरी वस्तूत काही वावगं आहे का? नाही ना? मलाही तेव्हा तसंच वाटलं.

रविवारी सकाळी बाइक काढून पालेगावला गेलो. तिथे तेव्हा बिल्डिंगा नुकत्या चढायला लागल्या होत्या. एकीकडे सळया, एकीकडे भाताची खाचरं, आणि जमिनीला असा भाव आलेला की माणूस घराबाहेर पडताना आपली हद्द जागेवर आहे ना बघून पडायचा. मला हे काही माहीत नव्हतं. मला मोकळं आभाळ हवं होतं. दोन घरांच्या मागे एक आंब्याचं झाड दिसलं, त्याच्या बुंध्याला दगडांचा जुना बांध येऊन टेकलेला. आसपास कोणी नाही. बांधाच्या टोकाला डबा पुरला, वर माती लोटली, दोन्ही मशिनांची बटणं दाबली आणि निघालो.

लांब जाऊन परत आलो. पिवळा म्हणाला, पोचलास. मी तिथे फक्की टाकली. हो, फक्कीची पिशवी नेली होती, क्रिकेटच्या पिचवर रेघा मारतो ती, म्हणजे कोण किती चुकतो ते नंतर पावलांनी मोजता येईल. पुन्हा लांब गेलो, पुन्हा आलो. रंगीत म्हणाला, इथे. तिथेही फक्की. असं करता करता झाडापासून त्या दोन घरांच्या अंगणापर्यंत पांढऱ्या फुल्याच फुल्या झाल्या, आणि मी मान खाली घालून दोन हातांत दोन मशिनं धरून त्यांच्यामधून फिरतोय.

"आलात एकदाचे साहेब," मागून आवाज आला. "आमी कवाशी वाट बघताव."

बनियन घातलेला, खांद्यावर टॉवेल, पन्नाशीचा धिप्पाड माणूस. हे हिराजी. अंगणाच्या डाव्या बाजूचं घर यांचं आणि उजवीकडचं धाकट्या भावाचं, गणपतचं. दोघांनी हद्दीची मोजणी मागितली होती आणि मोजणीवाला यायचा होता. फक्की आणि मशीन घेऊन आलो मी.

आता इथे मी एवढंच म्हणायला हवं होतं की तो मी नव्हे. पण मी कंपनीत इन्स्पेक्शनला होतो आणि मापाचा गेज घेऊन फिरतो म्हणून तिथे मला सगळे "ए गेजवाल्या" म्हणायचे. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी साहेब म्हणालं होतं. मी म्हणालो, "हो, जरा ट्रॅफिक होतं."

पालेगावात. रविवारी सकाळी.

मला खुर्ची आली, चहा आला, बिस्किटं आली. बाइकची चावी हिराजींनी "सावलीत लावताव" म्हणून मागून घेतली, ती त्यांच्या खिशात गेली. चहाचा दुसरा घोट घेताना माझं अंगणाकडे लक्ष गेलं. मांडवाचे बांबू पडले होते, ताडपत्री पडली होती, दोऱ्यांची भेंडोळी पडली होती, आणि मांडव काही उभा नव्हता.

"परवा पोरीची हलद हाय," हिराजी म्हणाले. "हजार माणूस येल. मांडव दोन्ही अंगणांत पसरल्याबिगर माणूस मावनार नाय. आन आमचा भाऊस खांब रोवू देत नाय."

"हद्द ठरू दे, मग रोव," पलीकडून गणपत म्हणाला. तो आपल्या ओट्यावर हाताची घडी घालून उभा होता. "आज तुमचा खांब हाय, उद्या म्हनाल भिंत."

भांडण होतं हातभर रुंदीच्या पट्ट्याचं. त्या हातभर जागेपायी दोन भाऊ तीन वर्षं एकमेकांशी धड बोलले नव्हते. दोघांची आई मधल्या पायरीवर बसलेली असायची. सगळे तिला आय म्हणत. ती एक दिवस याच्याकडे जेवायची, एक दिवस त्याच्याकडे.

दारात हळदीची पोरगी उभी होती, सुनंदा. ती हळूच म्हणाली, "साहेब, लवकर मोजा ना. मांडव नाय झाला तर मना हलद कुठं लावनार? रस्त्यावर?"

खरं सांगतो, बिस्कीट बशीत परत ठेवलं. साहेबपणाची सगळी हौस तिथेच फिटली. पण आता उठून "मी तो नव्हे" म्हणायची हिंमत होती का? चहा पिऊन झालेला, चावी त्यांच्या खिशात. मनात म्हटलं, मधोमध कुठेतरी एक रेघ मारू आणि सटकू. मी उभा राहिलो, पिवळं मशीन हातात घेतलं आणि डब्याच्या जागेकडे लागलेला बाण बघत गंभीर चेहऱ्याने चालायला लागलो.

गणपत माझ्या खांद्यावरून बघत होता. "किती फरक पडतो यात साहेब?"

"तीस फूट," मी बोलून गेलो. तसं पडद्यावर लिहिलेलंच होतं.

"तीस फूट?" हिराजी म्हणाले. "आमचा वाद हातभराचा हाय."

"म्हणजे तीस फुटांच्या आत अचूक," मी म्हणालो. त्याचा अर्थ मलाही कळला नाही, पण त्यांनी मान डोलावली.

पिवळ्याने मला सरळ नेलं ते गणपतच्या स्वयंपाकघरात. त्याची बायको भाकरी थापत होती, तिच्या परातीसमोर जाऊन बाण थांबला. हिराजींचा चेहरा उजळला. "बघ, मशीन काय बोलतं. तुझी चूल माझ्या हद्दीत हाय."

"ते दुसरं मशीन कशाला आणलंय मग?" गणपत म्हणाला. "ते रंगीत. ते भारी दिसतं. त्याच्यावर बगा."

रंगीत काढलं. ते मला अंगण ओलांडून हिराजींच्या गोठ्यात घेऊन गेलं, म्हशीच्या पोटाखाली. आता गणपत हसला. हिराजी म्हणाले रंगीत मशीन पोरांचा खेळ आहे, पिवळंच खरं, सरकारी दिसतं. गणपत म्हणाला पिवळं साबणाच्या डबीसारखं आहे, त्याला काय कळतंय. शेजारपाजारचे जमले. त्यांच्यातही अर्धे पिवळ्याचे झाले, अर्धे रंगीतचे. गोपशेठच्या काउंटरवर मी एकट्याने जो घोळ घातला होता, तो आता अख्खी आळी घालत होती, आणि मधे मी.

"बॅटरी संपतेय," मी म्हणालो. "मी उद्या येतो. चावी देता का?"

"निकाल लागल्याबिगर साहेबाला सोडाचा नाय," गणपत म्हणाला. त्या दिवसात दोघा भावांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. हिराजींनी खिशावर हात ठेवला.

पुन्हा मोजलं. पिवळं आता हिराजींच्या न्हाणीत गेलं आणि रंगीत रस्त्यावर. दर खेपेला हद्द हलत होती आणि आवाज चढत होते. शेवटी हिराजींचा संयम सुटला. "खड्ड्यात गेली मोजणी," म्हणाले, "पोर माझी हाय, खांब मी रोवनार." त्यांनी पहार उचलली आणि तडक आंब्याकडे निघाले, बांधाच्या टोकाला. मांडवाचा मागचा खांब तिथेच यायचा होता.

 बांधाच्या टोकाला काय होतं, ते फक्त मला माहीत होतं.

"तिथे नको," मी ओरडलो. "तिथे… दगड आहे."

पहार पडली. ठण्ण आवाज झाला. दगडाचा असा आवाज येत नाही.

हिराजींनी माती बाजूला केली, डबा काढला, झाकण उघडलं आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. सगळे वाकून बघायला लागले. तांदळात बसलेली एकहाती बाहुली, लाल दोऱ्याने आवळलेली. बाजूला हिरव्या बांगड्या, वरून पिनांचा जुडगा. नवरीच्या घरामागे, हळदीच्या दोन दिवस आधी.

तुम्हाला मघाशी यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटतंय?

 मग हिराजी भावाकडे वळले, अगदी हळू आवाजात म्हणाले, "गणपत. माझ्या पोरीवर करणी केलीस?"

"मी?" गणपतचा चेहरा पांढरा पडला. "ती माझी बी पोर हाय. खांद्यावर बसवून जत्रेला नेली तिला मी. तूच पुरलं असशील, माझ्यावर आल घ्याला."

सुनंदा दारातच खाली बसली आणि रडायला लागली. हिराजींच्या हातात पहार होती. गणपतने पडलेला बांबू उचलला. आणि मी, साहेब, त्या दोघांच्या मधे फक्कीची पिशवी छातीशी धरून उभा. मला पळता आलं असतं. चावी गेली तर गेली, चालत अंबरनाथ काय लांब होतं? पण त्या पोरीच्या रडण्याने माझे पाय हलले नाहीत. मला फार वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

"डबा माझा आहे," मी म्हणालो.

पहार आणि बांबू दोन्ही माझ्याकडे वळले.

मग मी सगळं सांगितलं. मी मोजणीवाला नाही, मी गेजवाला. परदेशात मोठी माणसं डबा लपवतात आणि शोधतात. तांदूळ ओलीसाठी. दोरा खडखडू नये म्हणून. बोलता बोलता मलाच कळत होतं की यापेक्षा करणी जास्त पटण्यासारखी आहे.

"लपवलेला डबा शोधाचा?" हिराजी म्हणाले. "कशाला?"

"सापडतो की नाही बघायला."

"पण लपवलेला तूच ना?"

 साहेबाचा तू झाला होता, हे लक्षात आलं.

तेव्हा पायरीवरून आय बोलली. सकाळपासून पहिल्यांदाच. "थांबा रं. खरं बोलतो का खोटं, बघूया. मी लपवतंय डबा. त्यानं मशीन लावून शोधून द्यावा. सापडला तर खेल. नाय सापडला तर काय करायचं ते तुमी करा."

मला घरामागे भिंतीकडे तोंड करून उभं केलं, गणपत पाळतीवर. बटण कसं दाबायचं ते मी हिराजींना दाखवलं होतं. आयने पिवळं मशीन निवडलं, कारण रंगीत तिच्या डोळ्यांना टोचत होतं. मी भिंतीकडे बघत आयुष्यात पहिल्यांदा सॅटेलाइटला हात जोडले.

"ये," हिराजींनी हाक मारली.

अंगणात माणसं दाटीवाटीने उभी. आय पायरीवर शाल गुंडाळून बसलेली. मी मशीन घेतलं. बाण थरथरला, फिरला आणि स्थिर झाला. मी चाललो. सगळी आळी माझ्यामागे चालली. बाण गोठ्यावरून गेला, गवताच्या गंजीला वळसा घातला आणि जिथे थांबला, तिथे पडद्यावर अक्षरं आली की आपण पोचलात.

समोर उकिरडा होता. ताजा.

"इथे?" मी मागे वळून विचारलं. कोणाच्या चेहऱ्यावर काही दिसेना. मशीन तर ठाम होतं. मी बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. डबा नाही. अजून पुढे सरकलो. पाय घसरला, गुडघ्यापर्यंत आत गेलो. हातातलं पिवळं मशीन सुटून शेणात पडलं, ते शोधायला पुन्हा वाकलो. दोन मशिनं जवळ असलेला माणूस, आणि आता मी शेणात एक मशीन शोधत होतो.

"डबा मिळाला का रं?" आयने पायरीवरून विचारलं.

"आहे, आहे, इथेच आहे," मी म्हणालो. "बाण खोटं बोलत नाही."

तेव्हा आयने शाल बाजूला केली. डबा तिच्या मांडीवर होता. ती जागची उठलीसुद्धा नव्हती; बटण हिराजींनी तिथेच, तिच्या पायरीशी दाबलं होतं.

आधी हिराजी हसले की गणपत, ते मला उकिरड्यातून नीट दिसलं नाही. पण दिसलं तेव्हा दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून हसत होते आणि सुनंदा ओढणीने डोळे पुसत हसत होती. हसून हसून गणपत खाली बसला.

"याला बघून करणी करील असा वाटतो का रं तुमाला?" आय मुलांना म्हणाली. "याला सोताचा डबा सापडत नाय. आन ह्याच्या मशिनीवर तुमी चूल आन गोठा वाटून घ्यायला निघालेले. उचला ते बांबू."

त्यांनी बांबू उचलले. पहिला खांब आंब्याखाली, माझ्या डब्याच्याच खड्ड्यात, गणपतने स्वतःच्या हाताने रोवला. मला नळाखाली बसवून धुतलं, धुवून पुन्हा चहा दिला, चावी दिली. वर हळदीचं आमंत्रण, बायकोला घेऊन यायचं, या अटीवर.

सोमवारी गोपशेठकडे दोन्ही मशिनं ठेवली. त्यांनी रंगीत घेतलं. पिवळं नाकाजवळ नेलं आणि तसंच माझ्याकडे सरकवलं. "साईं, ये अब तुम्हारा है." अशी माझी निवड झाली.

मंगलला यातलं काही सांगितलं नाही. पालेगावात ओळख झाली, लोक साहेब साहेब करतात, एवढंच सांगितलं. दोन दिवस ती घरात कसला वास येतोय म्हणून मोरी घासत होती. हळदीच्या संध्याकाळी नवी साडी नेसून ती माझ्यासोबत रिक्षात बसली. घराची जागा मी मशिनात टिपून ठेवली होती, त्यामुळे रिक्षा एका बिल्डिंगच्या पायाच्या खड्ड्यापाशी जाऊन थांबली. पुढे रस्ताच नाही. पानाच्या टपरीवर विचारावं लागलं.

"हिराजींकडे हळद आहे, त्यांचं घर कुठे?"

"कोनते हिराजी? गावात तीन हायेत."

"घरामागे आंब्याचं झाड आहे."

"ते सगल्यांच्या घरामागं हाय." टपरीवाला चुना लावता लावता थांबला. "ते का, ज्यांच्या उकिरड्यात मोजणीवाला उतरलेला?"

"अरे वो घर," रिक्षावाला म्हणाला, "पहले बोलना था ना. सबको मालूम है." आणि त्याने रिक्षा वळवली.

मंगलला वाटेत हसू आवरेना. रिक्षावाल्याने तिला सगळी हकीकत सांगितली, चार गोष्टी पदरच्या घालून. मी बाहेर बघत होतो.

"काय हो, इतका कसा कोणी येडा असेल?" ती म्हणाली. "त्याचं लग्न झालं असेल का? त्या बाईचं कसं होत असेल बिचारीचं."

तेवढ्यात मांडव आला. दोन्ही अंगणांवर पसरलेला, दिव्यांनी लखलखलेला. रिक्षातून माझा एक पाय खाली पडला नाही तोच आय पायरीवरून दोन्ही हात वर करून ओरडली, "अगं बाय, आपला उकिरड्यावाला साहेब आला गं."

मंगल माझ्याकडे वळली. मग तिने माझ्या खिशातून मशीन काढलं, नाकापाशी नेलं, आणि म्हणाली, "आणि मी दोन दिवस मोरी घासतेय."